अडलेली बाळंतीण, अडलेली वाट

(बंगळुरू येथे सर्वसामान्य श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शहरात आपण आज जमलो आहोत, तेथे शल्यविद्येची उणीव नाही. स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी १९३५ साली सुरू झालेले वाणीविलास रुग्णालय येथेच आहे. त्यानंतरच्या काळात येथे वैद्यकीय महाविद्यालये वाढली, रुग्णालये वाढली, आणि आज दूरदूरचे रुग्ण उपचारांसाठी या शहराची वाट धरतात. म्हणूनच मी येथे अशा एका जखमेविषयी बोलणार आहे, की जिच्यावरील शस्त्रक्रियेला महागडी यंत्रे लागत नाहीत, फार मोठा खर्चही येत नाही. आणि तरीही जगातील लक्षावधी स्त्रिया या शस्त्रक्रियेवाचून आयुष्य कंठीत आहेत. त्यांतील पुष्कळ स्त्रिया अशा प्रदेशांत राहतात, जेथे बंदुकीचा आवाज थांबलेला नाही, किंवा नुकताच थांबला आहे.

महाराष्ट्रातील खेड्यांत ‘बाळंतीण अडली’ असे म्हणतात. या दोन शब्दांत सारी हकिगत आली आहे. बाळाचे डोके आईच्या कमरेच्या हाडांच्या कड्यातून खाली उतरत नाही. कळा मात्र थांबत नाहीत. डोके आणि हाड यांच्यामध्ये मूत्राशय व योनिमार्ग यांमधील नाजूक पडदा दाबला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. एक दिवस, दोन दिवस, कधीकधी तीन दिवस हे असेच चालते. मूल बहुधा मृतच जन्माला येते. आई वाचली, तर काही दिवसांनी मृत झालेला मांसाचा भाग गळून पडतो आणि तेथे छिद्र राहते. त्यातून अहोरात्र मूत्र झिरपत असते. छिद्र गुदाशयाच्या बाजूस पडले असेल, तर मलही येतो. काहींच्या पायातील मज्जातंतू दुखावतात आणि चालताना पायाचा चवडा उचलत नाही. वैद्यकशास्त्रात या छिद्राला प्रसूतिजन्य नालव्रण म्हणतात. मूल गमावलेली, अंथरूण ओले करणारी, अंगाला वास येणारी ही स्त्री हळूहळू स्वयंपाकघरातून, देवघरातून, लग्नकार्यांतून आणि शेवटी घरातूनच दूर केली जाते.

हे दुखणे नवे नाही. इजिप्तमधील हेनहेनित नावाच्या राजघराण्यातील स्त्रीचे शव सुमारे चार हजार वर्षे जतन होऊन राहिले. १९३५ साली त्याच्या परीक्षणाची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची श्रोणी अरुंद असल्याचे आणि मूत्राशय व योनिमार्ग यांमध्ये मोठे छिद्र असल्याचे आढळले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे, म्हणजे अडलेल्या गर्भाचे, सविस्तर विवेचन आहे. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी सांगताना तोच ग्रंथ बजावतो, की स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय मूत्राशयाला लागून असतो. छेद चुकला तर मूत्र स्रवणारा व्रण मागे राहतो. दोन पोकळ्यांमधील पडदा एकदा फुटला, की मूत्र झिरपत राहते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते.

या जखमेवरील आधुनिक शस्त्रक्रियेचा इतिहास गौरवाचा आहे तसाच तो लज्जेचाही आहे. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी येथे १८४५ ते १८४९ या काळात मॅरियन सिम्स या शल्यचिकित्सकाने गुलाम स्त्रियांवर, त्यांना भूल न देता, पुनःपुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतील तीन नावे इतिहासात राहिली आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. अखेरीस चांदीच्या तारेचे टाके टिकले आणि छिद्र बुजले. ज्यांच्या देहावर ही विद्या सिद्ध झाली, त्यांची संमती विचारण्याची गरज त्या समाजाला वाटली नव्हती. या शस्त्रक्रियेचा लाभ कोणास मिळतो, हा प्रश्न आज विचारताना तिची किंमत प्रथम कोणी मोजली, हे आपण विसरू नये.

पुढे युरोप आणि अमेरिका यांतून हा विकार जवळजवळ नाहीसा झाला. तो केवळ शस्त्रक्रियेमुळे नाहीसा झाला नाही. अडलेल्या स्त्रीला वेळेवर रुग्णालयात नेऊन पोट उघडून मूल काढण्याची सोय झाली, म्हणून नाहीसा झाला. आपल्या देशातील शहरांतही अडलेल्या प्रसूतीतून होणारे नालव्रण पुष्कळ कमी झाले आहेत. तेथे आता गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत झालेल्या इजेमुळे उद्भवणारे नालव्रण अधिक प्रमाणात दिसतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अडलेल्या प्रसूतीतून झालेला नालव्रण जेथे दिसतो, तेथे काही तासांपूर्वी, काही महिन्यांपूर्वी किंवा काही वर्षांपूर्वी एक वाट बंद होती, असे खुशाल समजावे. त्या बंद वाटेची खूण त्या स्त्रीच्या शरीरावर उमटलेली असते.

विद्यार्थिदशेत मी अशी एक स्त्री पाहिली. ती जंगलातील एका गावाहून आली होती. वॉर्डाच्या अगदी टोकाची, व्हरांड्याजवळची खाट तिला दिलेली होती. कारण विचारण्याची आवश्यकता नव्हती. तिच्या पहिल्या आणि एकमेव बाळंतपणाला अकरा वर्षे होऊन गेली होती. “इतकी वर्षे का थांबलात?” असे मी तिला विचारले. मला वाटले, ती गरिबीविषयी सांगेल, रस्त्याविषयी सांगेल. ती म्हणाली, “हे शिवता येतं, असं मला कुणी सांगितलंच नाही, बाई.” तिच्यावरील शस्त्रक्रियेस दीड तास लागला. अकरा वर्षे आणि दीड तास, या दोन आकड्यांचा मेळ मला आजतागायत घालता आलेला नाही.

प्रसूतीत होणाऱ्या विलंबांचा विचार करताना १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी केलेली मांडणी उपयोगी पडते. पहिला विलंब घरात होतो : दवाखान्यात न्यायचे की नाही, हे ठरण्यात. दुसरा वाटेत होतो. तिसरा दवाखान्याच्या दारात होतो : डॉक्टर नाही, रक्त नाही, भूल देणारा नाही. नालव्रण झालेल्या स्त्रीच्या वाट्याला या तिन्ही विलंबांची पुन्हा एक फेरी येते. पहिल्या फेरीत ती तास गमावते, दुसऱ्या फेरीत वर्षे गमावते. संघर्षाचे वातावरण या दोन्ही फेऱ्या लांबवते.

‘वेळेवर’ या शब्दाचा नेमका अर्थ येथे सांगितला पाहिजे. दीर्घकाळ अडलेल्या प्रसूतीनंतर मूत्राशयात लगेच कॅथेटर, म्हणजे मूत्र वाहून नेणारी नळी, घालून काही आठवडे ठेवली, तर मूत्राशय रिकामे राहते आणि काही लहान छिद्रे आपोआप भरून येतात. हे काम प्रशिक्षित परिचारिका करू शकते. पूर्वी शस्त्रक्रियेपूर्वी तीन महिने थांबावे असा दंडक होता. परंतु नायजेरियातील कात्सिना येथे काम करणारे डच शल्यचिकित्सक केस वाल्डाइक यांनी दाखवून दिले, की काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांवर त्याआधीही यशस्वी उपचार करता येतात. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की पहिल्या शस्त्रक्रियेत छिद्र बुजण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. अननुभवी हातांनी ती बिघडवली, तर जखमेभोवतीचे मांस निबर होते आणि पुढची प्रत्येक शस्त्रक्रिया अधिक कठीण होत जाते. म्हणून येथे उशीर जितका घातक, तितकीच घाईही घातक असते.

आता ही सारी मांडणी एका प्रत्यक्ष प्रदेशावर ठेवून पाहू. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन तो अस्तित्वात आला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा आहे. दक्षिणेकडील भामरागड हे तालुक्याचे ठिकाण जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. अशा वेळी एखादी माडिया स्त्री अडली, तर तिला खाटेची डोली करून खांद्यावर वाहून न्यावे लागते. नदीकाठी पोहोचल्यावर पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागते. मूल मात्र कोणाची वाट पाहत नाही.

निसर्गाने केलेल्या या अडवणुकीत माणसांच्या संघर्षाची भर पडली. १९८० च्या सुमारास नक्षलवादी पथके गोदावरी ओलांडून या जंगलात आली. तेव्हापासून रस्ता ही केवळ रस्ता राहिली नाही. ती वादाची वस्तू झाली. शासनाला रस्ता हवा होता, कारण त्यावरून पोलीस जाणार होते. नक्षलवाद्यांना तो नको होता, तोही त्याच कारणासाठी. काही गावकऱ्यांनाही त्याविषयी संशय होता, कारण त्या रस्त्याने खाणीचे ट्रक येतील, अशी त्यांना भीती वाटत होती. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरची वाहने जाळण्यात आली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ झालेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. अशा घटनांतील मृतांची मोजदाद वर्तमानपत्रांतून होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु त्या रात्री त्या रस्त्याने जी गाडी निघाली नाही, त्या गाडीतून जी स्त्री जाणार होती, तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

या भीतीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. रात्री गाडी दिसली, तर ती कोणाची, असा प्रश्न दोन्ही बाजूंना पडतो. चालक म्हणतो, उजाडल्यावर निघू. घरातील पुरुष म्हणतो, तालुक्याला गेलो तर हे विचारतील, परत आलो तर ते विचारतील. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरमध्ये २००५ साली सलवा जुडूम सुरू झाले, तेव्हा गावेच्या गावे उठली आणि माणसे छावण्यांत किंवा जंगलात विखुरली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्या प्रकारच्या सशस्त्र दलांच्या विरोधात निर्णय दिला. पण विस्थापित स्त्रीचे काय होते पाहा. ओळखीची सुईण एका छावणीत, आरोग्यसेविकेचा कार्यभाग दुसऱ्या गावात, आणि हिचा संसार तिसऱ्याच ठिकाणी. प्रसूतीच्या वेळी कोणाला हाक मारावयाची, हेच तिला ठाऊक नसते.

याच प्रदेशात काही माणसांनी वेगळी वाट घातली, हेही सांगितले पाहिजे. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे, जेव्हा वीजही नव्हती, तेव्हा रुग्णसेवा आरंभली. राज्यांच्या सीमा ओलांडून रुग्ण तेथे येत राहिले, कारण तेथे रुग्णाला त्याचा पक्ष विचारला जात नाही, असा विश्वास निर्माण झाला होता. संघर्षाच्या प्रदेशात हा विश्वास औषधाइतकाच मोलाचा असतो, आणि तो औषधासारखा एका दिवसात गाडीने पोचवता येत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी याच जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला. तो १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास नालव्रणाविषयीचा नव्हता. परंतु शरमेने आणि मौनाने किती दुखणी झाकली जातात, हे त्याने साऱ्या जगाला दाखवून दिले. स्त्रीच्या शरीरातील स्रावाला विटाळ मानण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत स्त्री गावाबाहेरच्या कुरमा घरात राहते. शहरातील सोवळ्या घरांत ती कोपऱ्यात बसते. चार दिवसांच्या स्रावाला जेथे इतका दूर ठेवतात, तेथे कधीच न थांबणाऱ्या स्रावाविषयी ती स्त्री कोणापाशी तोंड उघडणार?

शासनानेही काही योग्य पावले उचलली. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ ही सोय झाली. दिवस भरत आलेल्या स्त्रीने प्रसूतीच्या आधीच काही दिवस तेथे येऊन राहावे, सोबत घरचे माणूसही आणावे, अशी ही कल्पना आहे. पुराच्या आणि भीतीच्या रात्रीला दिलेले हे शहाणपणाचे उत्तर होय. कारण त्यात वाट सुरू असतानाच ती चालून टाकली जाते.

आता थोडे दूर पाहू. अफगाणिस्तानातील युद्धजर्जर बदख्शान प्रांतातील एका दुर्गम जिल्ह्यात २००२ साली पाहणी झाली, तेव्हा एक लक्ष जिवंत जन्मांमागे सुमारे साडेसहा हजार मातांचे मृत्यू आढळले. त्याच देशातील काबूल शहरात हा आकडा सुमारे चारशे होता. देश एक, युद्ध एक. फरक होता तो वाटेचा. काँगोमध्ये डॉ. डेनिस मुक्वेगे काम करीत असलेल्या लेमेरा येथील रुग्णालयावर १९९६ साली हल्ला झाला आणि रुग्ण व कर्मचारी मारले गेले. त्यांनी १९९९ साली बुकावू येथे पांझी रुग्णालय उभारले आणि लैंगिक अत्याचारांत जखमी झालेल्या असंख्य स्त्रियांवर उपचार केले. २०१८ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तेथेही बहुसंख्य नालव्रण अडलेल्या प्रसूतीतूनच आलेले असतात. युद्ध स्त्रीला दोन प्रकारे जखमी करते : एकदा शस्त्राने, आणि एकदा बंद पडलेल्या दवाखान्याने. दुसऱ्या प्रकारात गुन्हेगार दिसत नाही, एवढाच फरक.

इथिओपियाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. कॅथरिन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ साली अदिस अबाबा येथे आले आणि १९७४ साली त्यांनी केवळ नालव्रणासाठी रुग्णालय काढले. क्रांती, दुष्काळ, यादवी यांतूनही ते चालू राहिले, आणि साठ हजारांहून अधिक स्त्रिया तेथून बऱ्या होऊन गेल्या. ममितू गाशे ही तेथे रुग्ण म्हणून आलेली निरक्षर खेडूत स्त्री आधी मदतनीस झाली आणि पुढे स्वतः निष्णात शल्यचिकित्सक झाली. पाहुणे डॉक्टर विमान सुरू असेतोवर येतात. वाट बंद झाल्यावर जे तेथेच राहतात, त्यांच्याच हातांत विद्या असावी लागते. २०२० च्या नोव्हेंबरात तिग्राय प्रांतात युद्ध पेटले. मेकेले येथील हॅमलिन शाखा त्याच प्रांतात आहे. पुढील दोन वर्षांत तेथील बँका, दूरध्वनी आणि औषधांचा पुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. तेव्हा या तत्त्वाची कसोटी लागली.

मग करावे काय? मी चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली : दीर्घकाळ अडलेल्या प्रत्येक प्रसूतीनंतर कॅथेटर घालण्याचे शिक्षण आणि साहित्य शेवटच्या उपकेंद्रापर्यंत पोचले पाहिजे.

दुसरी : बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या आशा सेविकेने एक प्रश्न नेमाने विचारला पाहिजे : “बाई, लघवी आपोआप गळते का?” मूल गेलेल्या घरी तर तिने आवर्जून गेले पाहिजे, कारण मूल नाही म्हणून त्या घरची भेट टळते, आणि जखमी आई नेमकी त्याच घरात असते.

तिसरी : केवळ शिबिरांवर विसंबू नये. शिबिरात शस्त्रक्रिया होते, डॉक्टर परत जातात, आणि चौथ्या दिवशी नळी तुंबली तर ती मोकळी करणारे कोणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली साध्या नालव्रणासाठी शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस नळी ठेवणे पुरेसे आहे, अशी शिफारस केली. तेवढे दिवस स्त्रीला खाट, सोबतीणीला जेवण, आणि दोघींना जाण्यायेण्याचा खर्च मिळाला पाहिजे. बुडालेल्या मजुरीचाही विचार झाला पाहिजे.

चौथी : रुग्ण नेणाऱ्या गाडीला कोणीही अडवू नये. जखमी आणि आजारी माणसांची शुश्रूषा झाली पाहिजे, हे १९४९ च्या जिनिव्हा करारांत अंतर्गत संघर्षांच्या बाबतीतही नमूद आहे. अडलेली बाळंतीण ही त्या कलमाच्या कक्षेबाहेर नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आज जगात सुमारे पाच लाख स्त्रिया या जखमेसह जगत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली. त्या जिल्ह्यात चार दशकांनंतर शांततेची आशा दिसू लागली आहे, आणि आपण सर्वांनी तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु बंदूक शांत झाली म्हणून जखम भरत नाही. दहा-वीस वर्षांपूर्वी एखाद्या रात्री जी गाडी निघाली नाही, तिची वाट पाहणारी स्त्री कदाचित आजही एखाद्या झोपडीच्या मागच्या बाजूस फडकी वाळत घालीत असेल. शांतता आल्यावर पहिल्या वर्षी पूल बांधतात, चौक्या बांधतात. त्याच वर्षी कोणी तरी गावोगाव फिरून तिला शोधून काढले पाहिजे आणि सांगितले पाहिजे, की हे शिवता येते.

आपण या शहरातील नागरिक आहात. येथील रुग्णालयांत आपल्या मुली, सुना, बहिणी बाळंत होतात, आणि वाट अडण्याचा अनुभव आपणास बहुधा फक्त रहदारीतच येतो. माझी विनंती एवढीच आहे, की ज्या विद्येचा या शहराला अभिमान वाटतो, ती विद्या किती मोठी, हे तिच्या इमारतींवरून मोजू नका. तिच्या दारापासून सर्वांत दूर असलेल्या स्त्रीला तिच्यापर्यंत यायला किती वर्षे लागली, यावरून मोजा.